डाव्या कुशीला

"ओ बिसरामभाऊ, वरतच झोपले का?"

अनुसयाबाईने अंगणातून हाक मारली. बिसराम झोपला नव्हता. तो तिच्या घराच्या छपरावर पालथा पडला होता आणि माथ्यावरची आडवी तुळई, मयाल, त्याने दोन्ही हातांनी कवटाळून धरली होती. डोळे गच्च मिटलेले होते. मघाशी ते एकदा उघडून पाहिले, तेव्हा छप्पर, अंगणातले मुनग्याचे झाड, समोरच्या गोठ्याची भिंत, सगळे एका अंगाला ओढले जात होते. ओढून गेले की परत जागेवर येत होते आणि पुन्हा ओढले जात होते.

झाले होते ते इतकेच. कवेलूंची, म्हणजे कौलांची, ओळ सरळ आली की नाही हे बघायला त्याने मान वर केली आणि डावीकडे वळवली. रोजच्या कामातली गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर गावातले लोक कवेलू फेरायला बिसराम मडावीलाच बोलावत. जुने कवेलू उतरवायचे, झाडायचे, वांदरांनी फोडलेले वेगळे काढायचे, मग खालून वर ओळी लावत जायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हे करत आला होता. छपरावर असताना त्याला कधी भीती वाटली नव्हती.

"घेतली असन सकारीच," अनुसयाबाईची सून नीतू म्हणाली. ती खालून टोपलीत कवेलू भरून देत होती.

"नाई वं. बायको मेल्यापासून सोडली त्यानं." अनुसयाबाई पुढे आली. "भाऊ, उतरता का? का पोट्ट्यायले बोलावू?"

"थांबा थोडं," बिसराम डोळे न उघडता म्हणाला. "घर फिरून राहिलं."

"माहं घर कायले फिरन? सागाचे फाटे हायेत त्याले."

शेवटी शेजारचे दोघे वर चढले आणि त्याला शिडीवरून एकेक पाय धरून उतरवले. खाली आल्यावर तो गोठ्याच्या भिंतीला टेकून ओकला. त्याचा मुलगा नीलेश मोटारसायकल घेऊन आला. अनुसयाबाईचे अर्धे छप्पर तसेच उघडे राहिले.

हे दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यातले. त्याआधीच्या भादव्यात बिसरामची बायको मंगली गेली होती. मलेरियाचा ताप डोक्यात चढला आणि दवाखान्यात नेईनेईपर्यंत संपली. लग्नानंतर तोवर कवेलूच्या कामाला बिसराम कधी एकटा गेला नव्हता. तो वर असायचा, मंगली खाली. ती कवेलू खालून फेकायची आणि तो झेलायचा. तिच्याकडे बघावे लागत नसे. ती फेकताना तोंडाने बारीक "हं" करायची, त्या आवाजावर त्याचा हात जायचा. गावात दुसऱ्या कोणत्याच जोडप्याला ते जमत नव्हते. ती गेल्यावर ज्याचे घर त्याच्या बायामाणसांनी टोपली भरून द्यायची आणि बिसरामने दोरीने ओढून घ्यायची, असे ठरले. काम होत होते. वेळ लागत होता, एवढेच.

चक्कर आली त्या दिवशी तो घरी येऊन उताणा पडून राहिला. चंचलने, म्हणजे सुनेने, पेज करून दिली. ती पोटात ठरली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, अजून अर्धवट झोपेत असताना, तो सवयीने डाव्या कुशीला वळला.

घर फिरले.

काल छपरावर फिरले होते तसेच, पण या वेळी तो जमिनीवर अंथरलेल्या सातरीवर होता आणि पडायची भीती नव्हती. म्हणून त्याला ते नीट जाणवले. कोणीतरी गालावर तळवा ठेवून तोंड दुसरीकडे ढकलावे, तसे ते होते. तो तसाच पडून राहिला. हळूहळू ढकलणे कमी झाले आणि थांबले. तो उजव्या कुशीला वळला. काही नाही. पुन्हा डावीकडे वळला. पुन्हा तेच.

डावीकडे, भिंतीच्या बाजूला, मंगली झोपायची. लग्न झाल्यापासून तिची तीच जागा. बिसराम मोहाची पिऊन यायचा आणि तिच्याकडे तोंड करून झोपायचा, तेव्हा ती झोपेतच त्याच्या गालावर तळवा ठेवायची आणि तोंड लोटायची. "तिकडं तोंड कर. वास येते." इतकेच. भांडण नाही, रडारड नाही. सकाळी तिला आठवतही नसायचे. त्या तळव्याला शेणाचा आणि मिरचीचा वास असायचा आणि बोटांना कवेलूने पडलेल्या भेगा गालाला टोचायच्या.

बिसराम बराच वेळ डोळे मिटून पडला. त्याला भीती वाटली नाही. भादव्यापासून घरातल्या कोणत्याच गोष्टीने त्याला ओळख दिली नव्हती. तिची लुगडी नीलेशने सग्यांत वाटून टाकली होती. तिच्या कोंबड्या चंचलच्या आवाजावर यायला लागल्या होत्या. तो त्या दिवशी तिसऱ्यांदा डावीकडे वळला, आणि ढकलणे सुरू झाले तेव्हा हळूच म्हणाला, "आता पेत नाई ना वं मी."

नीलेशने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या. बिसराम त्या तोंडात ठेवायचा आणि मागच्या दाराने जाऊन राखेत थुंकायचा.

आठवडाभरात सुकराम आला. सुकराम मंगलीचा भाऊ, आणि चंचलचा बाप. मामाची पोरगी आत्याच्या घरी द्यायची त्यांच्या जमातीत रीत, म्हणून चंचलने मंगलीला शेवटपर्यंत आत्याच म्हटले, सासू कधी म्हटले नाही. सुकराम ओट्यावर बसला, तंबाखू मळली आणि मेव्हण्याकडे पाहिले. बिसराम भिंतीला धरून धरून येऊन बसला होता.

"भाऊजी, माही बहीन तिकडं भटकून राहिली आन् तुमी मजेत पडून राहिले."

"मजेत?"

"त नाई त काय. अनुसयाबाईच्या छपरावर अर्ध्या गावानं पायलं तुमाले. मयालीले असे बिलगले होते म्हनतेत का लग्नात बी बायकोले बिलगले नसान."

बिसराम हसला. सुकराम हसला नाही.

"तीच फिरवून राहिली तुमाले. कानाले धरून. अधांतरी ठेवलं ना तुमी तिले."

त्यांच्यात माणूस जाळला किंवा पुरला की सगळे झाले असे होत नाही. सोयीने एक दिवस ठरवतात. सगे लोक बांधाच्या पाण्यावर जातात, मेलेल्याचे नाव घेऊन हाक मारतात आणि पाण्यात हात घालतात. पहिला जो जीव हाताला लागेल, मासोळी, झिंगा, पाणकिडा, तो मडक्यातल्या पाण्यात घालून घरी आणतात. तोच मेलेल्याचा जीव. त्याला घरातल्या कोपऱ्यात, आधी गेलेल्या माणसांजवळ जागा देतात. तोवर तो बाहेरच असतो, घर शोधत.

बिसरामने हे लांबवत नेले होते. आधी म्हणाला, धान घरात येऊ द्या. धान आले. मग म्हणाला, मोहफुले होऊ द्या. तीही वेचून, वाळवून झाली. बाकीच्या घरांनी आपापल्या माणसांचे जीव आणले. मंगलीचा राहिला.

"पावसाच्या आंधी करून घ्या," सुकराम म्हणाला.

"करू. बरा झालो का करू."

"ते केल्याबिगर तुमी बरेच होनार नाई. उलटं कायले बोलता?"

मंगलीच फिरवते, यात दोघांचे दुमत नव्हते. फक्त सुकरामला ते थांबवायचे होते. कोपऱ्यात बसली की मंगली आज्यापणज्यांतली होईल, हे बिसरामला कळत होते. ज्यांना त्याने कधी पाहिले नाही त्यांच्या ओळीत. सणाला सगळ्यांसाठी एकच भात निघतो, तो तिलाही मिळेल. सगळे घर तिच्या पाया पडेल. पण मग ती त्याच्या एकट्याच्या डाव्या कुशीला येऊन तोंड लोटणार नाही. हे त्याने कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे ते नव्हतेच.

दिवस जात होते. बोलावणी येत होती आणि परत जात होती. कोणी शेजारच्या गावातून माणूस आणला. कोणी कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकले. अनुसयाबाईने उघड्या भागावर प्लास्टिक अंथरून दगड ठेवले आणि निरोप पाठवला, भाऊ बरे होतील तेव्हाच काम होईल, मी थांबते. बिसराम हे सगळे ऐकायचा आणि दुपारी जेवून आत जाऊन पडायचा. उताणा. मग डावीकडे.

एकदा चंचल पाण्याचा गडवा ठेवायला आली आणि दारातच थांबली. तिने सासऱ्याला डावीकडे वळताना पाहिले, त्याचे डोळे थरथरताना पाहिले, सातरी मुठीत धरताना पाहिले. थोड्या वेळाने त्याची मूठ सैल झाली. तो उताणा झाला, दम घेतला आणि पुन्हा डावीकडे वळला.

"मामाजी, तुमी जानून करता का हे?"

चंचल आत येऊन उंबऱ्याशी बसली.

"आत्या बोलते का काई?"

"बोलत नाई," तो म्हणाला. "लोटते."

"राग हाये का तिले?"

"नाई. तशीच लोटते. पयलेसारखी."

चंचलने पदराने तोंड पुसले. ती आत्याची लाडकी होती. लहानपणी या घरी आली की मंगलीच्या कुशीतच झोपायची. "मले नाई कधी आली," ती म्हणाली, आणि गडवा त्याच्या उशाशी सरकवून उठून गेली. तिने नीलेशला काही सांगितले नाही.

पण तेही टिकले नाही. एका सकाळी बिसराम नातीला खांद्यावर घेऊन अंगणात उभा होता. पोरगी अजून बोलत नव्हती, बोटाने दाखवायची. तिने झाडावरचा पोपट दाखवला. बिसरामने मान वर करून डावीकडे पाहिले आणि गुडघ्यांतून खाली गेला. पोरगी त्याच्या हातातून निसटली. चंचल चुलीपासून धावली. पोरगी मातीत पडली होती, लागले काही नव्हते, नुसती घाबरून रडत होती. चंचलने तिला उचलून छातीशी धरले. तिने सासऱ्याकडे पाहिले, आणि पोरीला घेऊन आत गेली.

नीलेश बाहेर आला. बिसराम अजून गुडघ्यांवरच होता.

"बाबा, उद्या दवाखान्यात जाऊन राहिलो आपन. आता आयकनार नाई मी."

"हाव," बिसराम म्हणाला. नाही म्हणायला त्याला तोंड राहिले नव्हते.

दवाखान्यात गर्दी होती. कान-नाकाची डॉक्टरीण तरुण होती, लातूरकडून नोकरीला आलेली. ती एक कागद बघत विचारत होती.

"आजोबा, गोल फिरल्यासारखं होतं की अंधारी येते?"

"फिरते."

"किती वेळ?"

"थोडा वेर. मंग थांबते."

"कशानं येते? मान वर केल्यावर? कुशीवर वळल्यावर?"

बिसरामने नजर समोरच्या भिंतीकडे नेली.

"कोणत्या कुशीवर येते? डाव्या की उजव्या?"

तो भिंतीकडेच बघत होता. डॉक्टरणीने पेन खाली ठेवले. नीलेश म्हणाला, "सांगा ना बाबा, काऊन गप्प बसले?"

"डाव्या," चंचल मागून म्हणाली. "तिकडं कुशीले झाले का येते."

बिसरामने मागे वळून तिच्याकडे पाहिले. ती कडेवरच्या पोरीची टोपी सरळ करत राहिली.

डॉक्टरणीने त्याला टेबलावर पाय लांब करून बसवले. त्याचे डोके दोन्ही हातांत धरून डावीकडे वळवले. "आता मी तुम्हाला पटकन मागं झोपवणार. चक्कर येईल. घाबरायचं नाही, डोळे उघडे ठेवायचे." आणि तिने त्याला मागे नेले. डोके टेबलाच्या कडेखाली लोंबले.

दवाखाना फिरला. पंखा, ट्यूबलाइट, खिडकीतला आभाळाचा तुकडा, सगळे एका अंगाला ओढले जाऊ लागले. बिसरामने टेबलाची कड धरली. लोकांसमोर हे होत आहे याची त्याला लाज वाटली. जी गोष्ट घरातल्या भिंतीजवळची, ती इथे चपला-बुटांच्या लोकांत चालली होती. पण दोन परके तळवे त्याच्या कानांवर घट्ट होते आणि त्याला हलता येत नव्हते.

ते थांबल्यावर डॉक्टरणीने त्याचे डोके उजवीकडे वळवले. थांबली. मग सगळे अंग उजव्या कुशीला, तोंड जमिनीकडे. पुन्हा थांबली. मग त्याला उठवून बसवले आणि हनुवटी छातीला लावून धरली. औषध नाही, सुई नाही. थोडा वेळ बसू दिल्यावर तिने पुन्हा त्याला डावीकडे मागे झोपवून पाहिले.

पंखा जागेवर होता.

"येते चक्कर?"

बिसराम पंख्याकडे बघत राहिला. वाट बघत राहिला.

"आजोबा?"

"नाई."

"झालं मग." ती नीलेशकडे वळली. "कानाच्या आत चुन्याचे अगदी बारीक खडे असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले की असं होतं. आपण ते परत जागेवर नेले. पुष्कळांना होतं या वयात. काही वाईट नाही."

"खडे?" बिसरामने विचारले.

"हो. कणीसारखे. डोळ्यांना दिसायचे नाहीत."

"दुसरं काई नवतं?"

"दुसरं काय असणार?"

तो टेबलावरून उतरला. पाय जमिनीवर घट्ट टेकले. डॉक्टरणीने सांगितले, दोन-चार दिवस डाव्या कुशीवर झोपू नका, खडे परत हलू शकतात. हे एक वाक्य बिसरामने नीट ऐकून घेतले.

घरी आला त्या दुपारीच तो आत जाऊन डाव्या कुशीला पडला. काही झाले नाही. समोर भिंत होती. मंगलीच्या डोक्याच्या उंचीवर मातीत तेलाचा डाग होता, तो इतक्या दिवसांत त्याने पाहिला नव्हता, कारण तिकडे वळले की घर फिरायचे आणि तो डोळे मिटून घ्यायचा. आता तो डाग स्थिर दिसत होता. सारवणाचे बोटांचे फराटे दिसत होते. एक मुंगी जात होती.

तो उताणा झाला आणि जोरात वळला. मग उठून बसला आणि डॉक्टरणीने केले तसे स्वतःला धाडकन मागे टाकले. डोके जमिनीला आपटले. भिंत हलली नाही. बाहेर ओट्यावर चंचल धान पाखडत होती. आपटल्याचा आवाज ऐकून तिचे सूप थांबले. ती आत आली नाही. थोड्या वेळाने सूप पुन्हा सुरू झाले.

पुढचे सगळे दिवस तो डाव्या कुशीलाच झोपला. खांदा अवघडला, कान दुखायला लागला. रोज सकाळी डोळे न उघडता तो थोडा वेळ वाट बघायचा. ती येत नव्हती. आता ती येत नव्हती याचा अर्थ ती गेली असा होत नव्हता, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो उठून बसला. ती आलीच नव्हती. भादव्यात गेली ती गेली. एवढे दिवस तो कानातल्या कणीशी बोलत होता.

त्याने सुकरामला निरोप पाठवला, कर.

सुकराम चार सगे घेऊन आला. बांधाचे पाणी उन्हाने आत सरकले होते आणि काठाला गाळ होता. सुकराम गुडघाभर पाण्यात गेला. "मंगले," त्याने मोठ्याने हाक मारली, "चाल, घरी चाल." आणि वाकून पाण्यात ओंजळ फिरवली. बायका पाण्याकाठच्या मातीच्या पाळीवर उभ्या होत्या. पहिल्या वेळी नुसते शेवाळ आले. दुसऱ्या वेळीही. एकजण म्हणाला, "अशीच होती, एका हाकेत कधी आली?" लोक हसले. तिसऱ्या वेळी ओंजळीत एक झिंगा लागला, नखाएवढा, पारदर्शक.

"आली," सुकराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. चंचल पाळीवर रडू लागली. तिला तिची आत्या मिळाली होती, हे बिसरामला दिसले.

सुकरामने झिंगा मडक्यात सोडला आणि मडके बिसरामच्या हातात दिले. मडके काठोकाठ भरलेले होते. बिसरामने आत पाहिले. झिंगा तळाशी जाऊन बसला. बिसरामला तो झिंगाच दिसत होता.

"भाऊजी, जमन का? का मी धरू?"

"धरतो," तो म्हणाला.

पाळ अरुंद होती आणि दोन्हीकडे उतार होता. तो पुढे आणि सगे मागे, असे सगळे गावाकडे निघाले. मध्यावर आल्यावर त्याने मान वर करून डावीकडे वळवली आणि तशीच ठेवली. पाणी, पळसाची झाडे, माणसे, सगळे जागच्या जागी होते. त्याने मान सरळ केली आणि चालायला लागला.

वाटेवर अनुसयाबाई उभी होती. पश्चिमेला आभाळ काळे झाले होते. मडके पाहून तिने हात जोडले, आणि सगळे पुढे गेल्यावर मागून म्हणाली, "बरे झाले ना भाऊ आता? मंग उद्या येता का वरतं?"

"येतो," बिसराम न थांबता म्हणाला.

"पाय वं, कसा चालून राहिला," ती नीतूला म्हणाली. "थेंब नाई सांडला."